तुम्ही खोडलेल्या तीन ओळी

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी या सप्टेंबरात बारावीत जाईल. कॉलेजच्या अर्जांसाठी तिनं अॅक्टिव्हिटींची यादी आणि 'कम्युनिटी' या विषयावर एक निबंध लिहिला आहे. मंडळाच्या मराठी शाळेत ती तीन वर्षं दर रविवारी सहा-सात वर्षांच्या नऊ मुलांना शिकवते. दोन वर्षं शनिवारी सकाळी फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना मोफत खाद्यपदार्थ देणाऱ्या केंद्रात, डबाबंद अन्नाचे डबे निवडायला जाते, शाळेच्या रोबोटिक्स क्लबमध्ये आहे आणि नववीत असताना तिचं अरंगेत्रम, म्हणजे नाचाचा पहिला जाहीर एकल कार्यक्रम, झालं. तिच्या लिखाणातून मी तीन गोष्टी काढून टाकल्या. मागच्या वर्षी तिनं पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलांना 'घरी आजी-आजोबांना फोन करा, पाच प्रश्न विचारा' असा अभ्यास दिला. दोन पालकांनी तक्रार केली, परीक्षेत लिहायचं कसं म्हणून. शेवटी तिनं अर्धा तास पुस्तक आणि उरलेला वेळ फोनवरची उत्तरं, असं जमवलं. तक्रारीचा भाग मी काढला. दुसरं, माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात. त्यांच्या गोळ्यांचा डबा भरणं, साखरेची नोंद ठेवणं, डॉक्टरांकडे सोबत जाणं मुलगीच करते. हे घरचं काम, म्हणून काढलं. तिसरं, उन्हाळ्यात ती किराणा दुकानाच्या काउंटरवर काम करते, तेही काढलं. आता ती म्हणते, "आई, हा निबंध माझा राहिलाच नाही." ओळखीचे एक सल्लागार म्हणतात, ऑगस्टमध्ये एखादी सेवाभावी संस्था काढा. आणि 'मराठी शाळा' म्हटलं की दर दुसऱ्या भारतीय मुलासारखाच अर्ज वाटेल, ही धास्ती आहेच. काय करावं?

उत्तर : ताई, मुलीचं म्हणणं बरोबर आहे. खोडलेल्या तिन्ही गोष्टी परत आणा. एक निबंधात, दोन यादीत. संस्था काढू नका.

यादी आणि निबंध यांची कामं वेगळी आहेत, आणि तुमच्याकडे ती एकमेकांत मिसळली आहेत असं पत्रावरून दिसतं. कोण, कुठे, किती वर्षं, किती तास, हे यादी सांगते. त्या कामात असताना मुलीनं काय पाहिलं, काय ठरवलं, कुठे चुकलं आणि मग काय बदललं, हे निबंधात येतं. 'मी तीन वर्षं मराठी शाळेत स्वयंसेवक आहे' हे वाक्य निबंधात आलं की तेवढी जागा फुकट गेली. वाचकानं ते यादीत आधीच वाचलेलं असतं.

आधी यादी उरकू, कारण ती हातावेगळी झाली की निबंधातलं काय गाळायचं ते आपोआप कळतं. कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जात, १० जागा असतात. प्रत्येक जागेत भूमिकेसाठी ५० कॅरेक्टर, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५०. मोकळ्या जागा आणि स्वल्पविरामही या हिशेबात येतात. १५० म्हणजे इंग्रजीत वीस-बावीस शब्द. पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत. 'मी' नको, सुरुवात थेट क्रियापदानं करायची, आकडे अंकांत लिहायचे. चालू असलेलं काम वर्तमानकाळात, संपलेलं भूतकाळात. भूमिकेच्या चौकटीत 'शिक्षिका' लिहिलं असेल तर वर्णनात 'शिकवण्याचं काम करते' पुन्हा नको. संस्थेचं पूर्ण नाव तिच्या चौकटीत द्यायचं. मंडळाची आद्याक्षरं आपल्याला पाठ असतात, वाचकाला ती अगम्य असतात.

फरक कसा पडतो पाहा. 'मराठी संस्कृती जपण्याची आवड. मुलांना भाषा शिकवण्यात मदत. नेतृत्वगुण विकसित झाले.' यातून काहीच कळलं नाही. हे कुणाच्याही नावावर खपेल. आता हे : '६-७ वर्षांच्या ९ मुलांचा रविवारचा वर्ग आखते, घेते, घोकंपट्टीच्या जोडीला आजी-आजोबांना ५ प्रश्नांचा फोन सुरू केला.' इंग्रजीत हे सुटसुटीत लिहिलं तर १५० मध्ये आरामात बसतं, शिवाय शेवटी एखादा आकडा घालायला जागा उरते. पहिल्या वर्णनात तीन गुण आहेत. दुसऱ्यात गुण एकही नाही, पण मुलगी काय करते ते डोळ्यांसमोर येतं. गुण वाचकाला ठरवू दे.

क्रम लावताना महत्त्वाचं आधी, अशीच अर्जातली सूचना आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे मुलीला महत्त्वाचं. तारखेप्रमाणे लावत बसू नका. क्रम ठरत नसेल तर एक युक्ती आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा अर्ज कॉमन अॅपवर नाही, त्यांचा स्वतंत्र आहे आणि तिथे चारच अॅक्टिव्हिटी लिहिता येतात. तिथे अर्ज करायचा नसला तरी मुलीला 'चारच ठेवायच्या तर कुठल्या?' असं विचारा. उत्तर पाच मिनिटांत मिळेल, आणि बहुतेक त्यात अरंगेत्रम नसेल. नववीतला एक मोठा कार्यक्रम आणि नंतर नाच थांबला असेल, तर तो यादीत सातव्या-आठव्या जागी शोभतो. खर्च आणि दगदग आई-वडिलांच्या लक्षात राहते म्हणून तो वर चढतो, एवढंच.

तासांचा रकाना लोक घाईत भरतात आणि तिथेच अर्जाची विश्वासार्हता गळते. आठवड्याला तास आणि वर्षाला आठवडे, असे दोन आकडे द्यायचे असतात. शाळेचं वर्ष साधारण ३६ आठवड्यांचं. मराठी शाळेला सुट्ट्या वगळून ३० रविवार मिळत असतील तर ३० लिहा, ५२ नको. वर्ग दीड तासाचा, तयारी धरून अडीच-तीन तास. तयारीचे तास धरायला काहीच हरकत नाही, ते खरंच लागतात. सगळे तास लिहून झाले की बेरीज करा. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६ गेले, शाळेचे ३५, अभ्यासाचे १८ धरा. उरले ५९, त्यात जेवणखाण, प्रवास, आंघोळ सगळं आलं. शाळा चालू असतानाच्या अॅक्टिव्हिटींची बेरीज ४० च्या वर गेली तर कुठे तरी आकडा फुगला आहे. उन्हाळ्यातलं काम या बेरजेत धरू नका. ते कधी केलं यासाठी शाळेच्या दिवसांत, सुट्टीत की वर्षभर, असा वेगळा पर्याय निवडायचा असतो.

आता तुम्ही खोडलेल्या दोन गोष्टी. कॉमन अॅपच्या अॅक्टिव्हिटींच्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' असे दोन स्वतंत्र प्रकारच दिलेले आहेत. अर्ज बनवणाऱ्यांनी जे विचारलं तेच आपण लपवायचं, हा उलटा कारभार झाला. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र शाखेतल्या एका प्रकल्पानं २०१६ साली अहवाल काढला होता. घरच्यांची देखभाल आणि पैशांसाठी केलेलं काम हेही योगदान मानावं, असं त्यात कॉलेजांना सुचवलं होतं आणि बऱ्याच कॉलेजांनी त्याला पाठिंबा दिला होता. सासूबाईंच्या नोंदीचं वर्णन 'आजीची काळजी घेते' असं मोघम नको. 'आठवड्याचा गोळ्यांचा डबा भरते. रोज साखरेची नोंद. डॉक्टरांच्या भेटीला सोबत, प्रश्नांची यादी तयार करते' असं असू द्या. आजींच्या आजाराचं नाव किंवा वैद्यकीय तपशील देण्याची गरज नाही. तो त्यांचा खासगी मामला आहे आणि यादीत त्यानं काही भरही पडत नाही. दुकानातल्या कामाचंही तसंच. काउंटरवर रोकड मोजून जुळवणं, परत आलेल्या मालाचा हिशेब, नव्या मुलांना मशीन शिकवणं, यातलं जे खरं असेल ते. सुट्टीत आठवड्याला २० तास उभं राहून काम करणं काय असतं, हे वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

देखभालीमुळे तिला शाळेतलं काही सोडावं लागलं असेल, उदाहरणार्थ शाळा सुटल्यावरच्या स्पर्धा, तर ते सांगायला 'अडचणी आणि परिस्थिती' नावाची २५० शब्दांची ऐच्छिक चौकट आहे. तिथे सरळ माहिती द्यायची. कधीपासून, किती वेळ, कशावर परिणाम झाला. तसा परिणाम झाला नसेल तर चौकट रिकामी सोडा. रिकाम्या चौकटीचे गुण कापत नाहीत.

आता निबंध. 'कम्युनिटी' हा एकच प्रश्न समजून एकच निबंध सगळीकडे डकवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. प्रश्न तीन जातींचे असतात. काही कॉलेजं विचारतात, तू कुठल्या समूहाची आहेस आणि त्यात तुझी जागा कोणती? काही विचारतात, आमच्याकडे येऊन तू काय भर घालशील? तिसरी जात विचारते, तुझ्या शाळेसाठी किंवा समूहासाठी तू काय केलंस? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आठ प्रश्नांतला सातवा प्रश्न थेट हाच आहे. आठांपैकी चार निवडायचे आणि प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. पहिल्या जातीत 'जागा' या शब्दावर भर असतो, दुसऱ्यात 'पुढे' या शब्दावर, तिसऱ्यात 'केलंस' वर. मराठी शाळेचा मजकूर तिन्हीकडे चालेल, पण वजन हलवावं लागेल. कॅलिफोर्नियाच्या उत्तरांत नाट्यमय सुरुवात वगैरे मुळीच लागत नाही, ती मुलाखतीतल्या उत्तरांसारखी सरळ हवीत. त्यांचा अर्जही कॉमन अॅपहून निराळा आहे. अॅक्टिव्हिटी आणि पुरस्कार मिळून २० नोंदी मावतात आणि अॅक्टिव्हिटीच्या वर्णनाला ३५० कॅरेक्टर मिळतात. त्यामुळे तिथे कॉमन अॅपची दीडशेची वर्णनं नुसती चिकटवली तर निम्म्याहून जास्त जागा वाया जाते.

तुमची धास्ती. 'दर दुसऱ्या भारतीय मुलासारखा' निबंध कधी होतो? 'भाषा हा संस्कृतीचा आत्मा आहे, दोन जगांमध्ये मी पूल झाले' असं सुरू झाला की. त्यात मुलगी नसतेच, तिच्या जागी एक झेंडा असतो. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या खटल्यांत वंशाचा प्रवेशात विचार करायला मनाई केली. पण वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्यानं लिहिलं तर त्याचा विचार करता येईल, मात्र तो त्या विद्यार्थ्याच्या गुणाशी किंवा क्षमतेशी जोडलेला हवा, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात लिहिलं. त्यानंतर अनेक कॉलेजांनी 'तुझी पार्श्वभूमी, तुझा समूह' असे प्रश्न घातले किंवा होते त्यांची शब्दरचना बदलली. म्हणजे मराठीपणाबद्दल लिहायला अडकाठी नाही. नुसत्या लेबलाला मात्र किंमत नाही. मुलीनं काय केलं, इथपर्यंत निबंध पोचला पाहिजे.

समूह जितका मोठा, तितका निबंध पातळ होतो. 'भारतीय-अमेरिकन समाज' नको. 'मंडळातली मराठी माणसं' हेही मोठंच. रविवारी सकाळी एका खोलीत जमणारी नऊ मुलं, त्यांचे पालक आणि फोनच्या पलीकडचे आजी-आजोबा, एवढा समूह पुरे. तो नेमका आहे आणि दुसऱ्या कुणाच्या अर्जात हाच सापडायचा नाही. मराठी शाळा, पँट्री, रोबोटिक्स, घर, यांतलं काय निवडावं यासाठी मुलीला एकच प्रश्न विचारा : तू एक आठवडा गेली नाहीस तर तिथे नेमकं काय अडतं? रोबोटिक्स क्लबबद्दल 'काही नाही' असं उत्तर आलं तर तो निबंधाचा विषय नव्हे. यादीत आहे, बास. आणि जिथे मतभेद झाला असेल तो विषय बहुधा सगळ्यात भरीव निघतो.

म्हणून पालकांच्या तक्रारीचा भाग परत हवा. तुम्हाला वाटलं, त्यानं मुलगी वाईट दिसेल. पण तो काढल्यावर निबंधात उरतं काय? तिनं छान कल्पना काढली, मुलांना आवडली, सगळे खूश. अशा गोष्टीवर विश्वास बसत नाही आणि बसला तरी लक्षात राहत नाही. तक्रार आली की मुलीला काही तरी ठरवावं लागतं, आणि समूहात राहणं म्हणजे काय ते तिथेच दिसतं. फक्त एक जपायचं. तक्रार करणारे पालक निबंधात खलनायक होता कामा नयेत. त्यांचं म्हणणं खरं होतं. फोनवर बोलून 'ज्ञ' काढता येत नाही. हे मुलीनं मान्य केलं, आणि तरी फोन सोडला नाही, तडजोड काढली. हे तीन भाग याच क्रमानं आले पाहिजेत. 'माझं बरोबर होतं हे शेवटी सगळ्यांना पटलं' असा शेवट असेल तर तो कापा, खरा असला तरी.

२५० शब्दांचा निबंध धरला तर सुरुवातीचे तीस-पस्तीस शब्द समूह दाखवायला खर्च करा. व्याख्या नको, एक दृश्य पुरे. 'माझ्या वर्गातल्या नऊ जणांना "पाणी" लिहिता येत होतं, मागता येत नव्हतं', अशा धर्तीचं एखादं वाक्य, अर्थात तिच्या वर्गात तसं खरंच घडलं असेल तरच. (हे वाक्य उचलू नका. ते आमचं आहे, तिचं नाही, आणि आता हे सदर वाचणाऱ्या इतरांचंही झालं.) त्यानंतरचे साठेक शब्द तिनं काय बदललं आणि का, यावर. सत्तर-ऐंशी शब्द तक्रार आणि तडजोड यांवर. हा निबंधाचा गाभा आहे, इथे काटकसर करायची नाही. मग चाळीसेक शब्द तिला स्वतःला काय उमगलं यासाठी, पण 'मी संयम शिकले' असं नव्हे. उमगलेली गोष्ट त्या खोलीतलीच हवी. मुलं वर्गातल्या मराठीत चुकायला लाजतात आणि आजीशी बोलताना लाजत नाहीत, असं तिच्या लक्षात आलं असेल तर तेच लिहावं. उरलेले तीस-चाळीस शब्द पुढच्या कॉलेजसाठी, आणि ते प्रत्येक अर्जात वेगळे.

या शेवटच्या शब्दांत बहुतेक जण घसरतात. 'हीच ऊर्जा मी तुमच्या विविधतेनं नटलेल्या कॅम्पसवर घेऊन येईन' हे वाक्य कुठल्याही कॉलेजला चालतं, म्हणून ते कुठल्याच कॉलेजसाठी लिहिलेलं नसतं. तिथे खरोखर असलेला एखादा कार्यक्रम, शिकवणी केंद्र किंवा अभ्यासक्रम शोधा, त्यात ती काय करेल ते एका ओळीत लिहा. असं काही सापडलं नाही तर तिथे अर्ज का करतो आहोत, हाही प्रश्न विचारून घ्या.

वाचकाला मराठी येत नाही, याचा दोन प्रकारे बाऊ होतो. काही मुलं प्रत्येक शब्दाचं स्पष्टीकरण देत बसतात, तर काही सगळं गाळून फक्त 'माझी भाषा' एवढंच म्हणतात. दोन्ही नको. एक-दोन गोष्टी नेमक्या सांगायच्या आणि त्या वाक्याच्या ओघात समजतील अशा. 'चार' मधला आणि 'चमचा' मधला 'च' वेगळा असतो, अक्षर मात्र एकच, आणि इथे वाढलेली मुलं दोन्ही एकसारखेच म्हणतात, हे इंग्रजीत एका वाक्यात सांगता येतं. भाषेची थोरवी गाणाऱ्या परिच्छेदापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करतं, कारण ते शिकवणारीलाच सुचू शकतं. 'ळ' चंही तसंच. पण दोन्ही घालू नका, एकच निवडा.

दुसऱ्या एखाद्या कॉलेजसाठी पँट्रीवर लिहायची वेळ आली तर एका खड्ड्यापासून जपा : मी दिलं, त्यांनी घेतलं, मला माझं नशीब किती चांगलं ते कळलं. या निबंधात पँट्रीत येणारी माणसं मुलीच्या बोधासाठी उभी केलेली पुठ्ठ्याची चित्रं होतात. त्याऐवजी तिला तिथलं काय कळतं ते विचारा. डब्याच्या जोडावर किंवा कडेवर पोचा आला असेल तर डबा फेकायचा, मधल्या पत्र्यावरचा बारीक पोचा चालतो. 'बेस्ट बाय' ही तारीख बहुतेक वस्तूंच्या बाबतीत चवी-दर्जाची असते, म्हणून ती उलटलेला डबा लगेच कचऱ्यात जात नाही. तान्ह्या बाळांच्या फॉर्म्युलाचं मात्र तसं नाही, त्याची तारीख गेली की द्यायचाच नाही. दोन वर्षं शनिवारी उठून गेलेल्या मुलीला हे माहीत असतं, तासांचा आकडा फुगवणाऱ्याला नसतं. अशा एका तपशिलातून सुरुवात झाली की नशिबाच्या गप्पांना जागा राहत नाही.

आजींवरचा निबंध लिहायचा का? लिहू शकते, पण सांभाळून. आजी-आजोबांवरचे निबंध फार लवकर त्यांचं चरित्र होतात. वाचून झाल्यावर आजींनाच प्रवेश द्यावासा वाटतो. पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासा. निम्म्याहून जास्त वाक्यांत 'आजी' कर्ता असेल तर निबंध चुकला. आमचं मत विचाराल तर आजी यादीत राहू द्या.

संस्था काढण्याबद्दल थोडक्यात. प्रत्येक अॅक्टिव्हिटीपुढे नववी ते बारावी यांपैकी कुठल्या वर्षी केली त्या खुणा करायच्या असतात. ऑगस्टात निघालेल्या संस्थेपुढे फक्त बारावीची खूण आणि वर्षाचे चार-सहा आठवडे दिसतील. तिच्या शेजारी नववी, दहावी, अकरावी अशी खूण असलेली मराठी शाळा असेल. वाचणाऱ्याला हिशेब येतो. त्याच ऑगस्टात फोनवरचे आतापर्यंतचे प्रश्न आणि उत्तरं एकत्र करून तिनं पुढच्या शिक्षकांसाठी दहा पानांची वही तयार केली, तर ती खऱ्या कामातली खरी भर होईल. मंडळाला पुढच्या वर्षी उपयोगही पडेल.

आता तुमच्याबद्दल, आणि हे थोडं कडक आहे. तुम्ही काटछाट केलेला निबंध तुमच्या वयाच्या माणसाचा वाटतो. मुलीला तो परका वाटला, तसा वाचणाऱ्यालाही वाटेल. कारण त्याच अर्जात तिची बाकीची उत्तरं तिच्या हातची असतील आणि दोन्हींतला सांधा दिसेल. शिवाय अर्ज पाठवताना 'हे लिखाण माझं स्वतःचं आहे' अशी सही तीच करणार. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन अॅपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं, तेव्हा तो आडमार्गही बंद. तुम्ही काय करू शकता? पेन्सिलनं समासात प्रश्नचिन्ह काढू शकता. फक्त प्रश्नचिन्ह. जिथे कळलं नाही तिथे एक, जिथे 'मग काय झालं?' असं वाटलं तिथे एक. शब्द सुचवायचा नाही. तारखा आणि आठवडे यांच्या पडताळणीत मात्र तुमची खरी मदत होईल, कारण ते मुलांना आठवत नाहीत.

वेळापत्रक असं ठेवा. कॉमन अॅप दर वर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं, आणि बऱ्याच कॉलेजांची अर्लीची, म्हणजे लवकर अर्ज करण्याच्या फेरीची, मुदत १ नोव्हेंबर असते. कॅलिफोर्नियाचा अर्ज ऑगस्टपासून भरता येतो, पाठवता मात्र १ ऑक्टोबरपासून. जुलैत यादी आणि एक ३५० शब्दांचा मराठी शाळेचा निबंध, एवढंच. लांब निबंधातून छोटा काढता येतो, पण छोटा फुगवला की तो पाणचट होतो. ३५० वरून २५० वर येताना आधी शेवटचं वाक्य उडवा, नव्वद टक्के वेळा ते उपदेशाचं असतं. मग पहिली दोन वाक्यं झाकून पाहा, तिसऱ्यापासून कळतंय का. त्यानंतर विशेषणं आणि 'खूप', 'खरोखर', 'नेहमीच'. तरीही वीसेक शब्द जास्त उरले तर एखादा अख्खा प्रसंग काढा. सगळीकडून थोडं थोडं खरवडलं की गाभ्यातलीही धार जाते. मग तिला मोठ्यानं वाचायला सांगा. जिथे ती अडखळेल ते वाक्य बहुधा तुमच्या काटछाटीतून राहून गेलेलं असेल.

पाठवण्याआधी अर्जाची पीडीएफ प्रत दिसते. ती पडद्यावर नुसती सरकवू नका, छापून घ्या. वर्णनांची शेपटं तुटली आहेत का, चिकटवताना अवतरणचिन्हांच्या जागी चित्रविचित्र खुणा आल्या आहेत का, परिच्छेद एकमेकांना चिकटले आहेत का ते पाहा. आणि शेवटच्या चाळीस शब्दांत कॉलेजचं नाव बोटानं दाखवत वाचा. आधीच्या अर्जातलं नाव तसंच राहून गेलं, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं.